नाव झाकल्यावर

सोलापूर,
९ जून २०२४

भुवना,

फोन करू नकोस, काही सांगायचं असेल तर लिही, असं तू स्टेशनवर म्हणालीस. फोनवर मी तुझी वाक्यं मधेच तोडतो आणि उरलेली माझ्या मनानं पुरी करतो, असं तुझं म्हणणं. ठीक आहे, लिहितो.

इथं सगळं बरं चाललंय. रुद्राणीची दहावीची शिकवणी सुरू झाली. भाकरीवाल्या मावशी रोज येतात. ऊन अजून उतरलेलं नाही, दुपारी संशोधन केंद्राच्या व्हरांड्यात कुत्रंसुद्धा बसत नाही.

तू गेलीस त्यावर मला काही म्हणायचं नाही. एवढंच की, पहिलं वर्ष सोलापुरात राहूनही काढता आलं असतं. प्रकल्प ज्वारीचा, ज्वारी इथं. बंगळूरच्या प्रयोगशाळेत मुळांची चित्रं काढायची ती नंतरही निघाली असती. पण तू लगेच गाडी धरलीस, आणि का धरलीस ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी मी बोललो ते रागात बोललो. देशभरातून आलेल्या प्रस्तावांत आपल्या केंद्रातला एकच निवडला गेला, तो तुझा. माझाही गेला होता. मी म्हटलं, "बाई म्हणून दिला असेल. हल्ली तसं चालतं." तू मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "यंदा नावं झाकली होती, दिग्विजय. वाचणाऱ्यांना बाई की बुवा, काही ठाऊक नव्हतं." आणि हसलीस.

याआधी दोन वेळा, नावं उघडी असताना, माझाच प्रस्ताव निवडला गेला होता. हे तू बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं.

पैसे, औषधं, छत्री सगळं नीट पोचलं असेल.

दिग्विजय


३० जून २०२४

भुवना,

तुझं पत्र आलं. बंगळूरची हवा छान आहे, हे वाचून आनंद झाला. म्हणजे, झाला असं लिहायची पद्धत आहे.

इथं तुझं अभिनंदन मीच गोळा करतोय. कॅन्टीनमध्ये प्रभु भेटला. खांद्यावर थाप मारून म्हणाला, "मॅडमचा प्रस्ताव भारीच की. पण मागं तुम्हीच असणार, सर. आम्हाला कळतंय." मी हसलो. चहा गार होत होता, म्हणून जास्त बोललो नाही.

आपल्या केंद्रप्रमुखांनी, मडिवाळप्पा सरांनी, मला नवीन काम लावलंय. वरून पत्र आलंय की प्रत्येक केंद्रानं समावेशकता समिती नेमावी. भरतीत, बैठकांत, शेतावरच्या कामात नकळत कुणावर अन्याय होतो का, ते बघायचं आणि सुधारायचं. सर म्हणाले, "तुम्हीच अध्यक्ष व्हा. घरात मॅडम आहेत, विषय तुमच्या ओळखीचा." तुझ्या नावानं मला मिळालेलं हे पहिलं पद. माझा चेहरा कसा झाला असेल ते तू ओळखशील.

दुसरी सदस्य दाक्षायणी. बियाणे विभागात बसते, तुझी मैत्रीण, म्हणजे मला आधीच बिचकून असणारी. तिनं पहिल्याच बैठकीत विषय काढला की प्रक्षेत्रावर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. मी म्हटलं, हा बांधकाम विभागाचा विषय आहे, आपला नाही. ती म्हणाली, "भुवनेश्वरी दिवसभर पाण्याचा घोट न घेता रानात उभी राहायची, सर. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. सगळ्यांसमोर तसं म्हणावं लागलं. तू मला कधी सांगितलं का नाहीस?

रुद्राणीला गणितात चांगले मार्क पडले. ती म्हणते, आईवर गेलीय.

दिग्विजय


२८ जुलै २०२४

भुवना,

तू लिहितेस की सांगितलं होतंस. सांगायला सुरुवात केलीस, "रानातून आल्यावर मला फार" आणि मी म्हणालो, "उन्हानं डोकं दुखतंय ना? झोप जरा." मला हे आठवत नाही. पण वाक्य माझंच वाटतं.

स्वच्छतागृहाचं काम मंजूर झालं. दाक्षायणीनं पाठपुरावा केला.

मुलाखती झाल्या. तुझ्या प्रकल्पासाठी नव्हे, केंद्राच्या तरुण संशोधक जागेसाठी. जागा एकच. मी, दाक्षायणी आणि मडिवाळप्पा सर असे तिघं होतो. नव्या नियमाप्रमाणे सगळं कॅमेऱ्यावर घेतलं. दोन उमेदवार बरे होते. एक संगमेश, इथल्याच पेठेतला, पुण्यात शिकलेला. बोलणं स्वच्छ, नेमकं. दुसरी रेश्मा, मंद्रूपची. हुशार असेल, नाही असं नाही, पण बोलणं? "सर, रानात तसं हुत न्हाय की." मुलाखतीत, भुवना! मडिवाळप्पा सर रुमालाआड हसले. मी हसलो नाही, मला राग आला.

तुला माहीत आहे, मी केम गावचा. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी माझ्या "न्हाय"ची नक्कल करायला पोरं खोलीत जमायची. मी आरशासमोर उभा राहून एकेक शब्द घासून काढला. सुट्टीत घरी गेलो की आई म्हणायची, "आता तू पाहुण्यावानी बोलाय लागलास." एवढी किंमत मोजली तेव्हा कुठं लोक माझं ऐकायला लागले. आणि ही पोरगी ते सगळं जसंच्या तसं घेऊन खुर्चीत बसते, आणि कुणी हसलं तरी थांबत नाही!

मी संगमेशला वरचा क्रमांक दिला. दाक्षायणीनं उलटा दिला. सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ठरवू."

दिग्विजय


११ ऑगस्ट २०२४

भुवना,

तुझं उत्तर दोन ओळींचं. "ती मुलगी कशी बोलली ते कळलं. काय बोलली ते लिही."

लिहायला बसलो आणि लिहिता येईना. मला आठवतच नव्हतं. संगमेशचं आठवत होतं, तिचं नाही. दुसऱ्या दिवशी दाक्षायणीकडे चित्रण मागितलं. ती उठून गेली नाही, शेजारीच बसून राहिली.

तर ती काय म्हणत होती ते सांगतो. खोडमाशी उशिरा पेरलेल्या ज्वारीवर जास्त पडते, हे माझं जुनं काम. त्यावर माझे लेख आहेत. ती म्हणाली, "सर, केंद्रावर समदे प्रयोग येळेवर पेरलेल्या रानात हुत्यात. आमच्याकडं सप्टेंबरात रान वलं असतंय, वाफसा येत न्हाय, निम्मी पेरणी मागंच पडती. मग आपण जे वाण निवडतो ते..."

इथं मी बोललो. पडद्यावर मी हात वर केलेला दिसतो. "म्हणजे शेतकऱ्यांनी लवकर पेरायला हवं, हेच ना?" ती म्हणाली, "न्हाय सर, तसं न्हाय." मी पुढचा प्रश्न विचारला.

संगमेश नंतर आला. तो म्हणाला, पेरणीच्या वेगवेगळ्या तारखांचा अभ्यास करता येईल. बस्स, एवढंच. आणि पडद्यावर मी खुर्चीत पुढं सरकून म्हणतोय, "व्वा!"

दाक्षायणीनं चित्रण थांबवलं. मी म्हटलं, "पुढं काय म्हणायचं होतं तिला?"

"तुम्हीच ओळखा की, सर. तुम्ही ओळखताच नेहमी."

ओळखलं. वाण निवडायचेच उशिराच्या पेरणीत. जो तिथं तगेल तो घ्यायचा. वेळेवरच्या रानात कुणीही तगतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती मला सुचायला हवी होती. हे माझं रान होतं, माझी माशी होती. मला तिथंच त्या पोरीचा हेवा वाटला.

घरी येताना सात रस्ता चौकापाशी गाडी बाजूला घेऊन थांबलो. मी हेवा करत आलोय, हे तुला माहीत आहे. प्रभुला परदेश दौरा मिळाला तेव्हा मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. आणखी कुणाकुणाचा केला ते तुला पाठ असेल. तुझा मात्र कधी केला नाही, आणि मी त्याला प्रेम समजत होतो. लोकांना सांगायचो, आमच्यात स्पर्धाच नाही. स्पर्धा नव्हती कारण तू त्या शर्यतीत आहेस हेच मला दिसत नव्हतं. कागदावरून नाव गेलं तेव्हा मला तू पहिल्यांदा पुढं पळताना दिसलीस. तेव्हापासून जळतोय.

हे वाचून तुला काय वाटेल माहीत नाही. पाठवतोय.

दिग्विजय

ता. क. तिघांची पुन्हा बैठक झाली. दोघांची उत्तरं एकाच भाषेत टाइप करून, नावं काढून, बाहेरच्या दोघा तज्ज्ञांना वाचायला द्यावीत, असं दाक्षायणीनं मांडलं. मी पाठिंबा दिला असं लिहायला हात शिवशिवतोय. खरं म्हणजे मी गप्प बसलो आणि सरांनी ते होकार म्हणून घेतलं. रेश्माचा पहिला नंबर आला.


२२ सप्टेंबर २०२४

भुवना,

दाक्षायणीनं तुला सांगितलं. सांगणारच होती.

होय, केंद्राच्या माहितीपत्रकात तुझ्या प्रकल्पाखाली छापलंय, "मूळ संकल्पना व सोलापुरातील जबाबदारी : डॉ. दिग्विजय." तुझं नाव त्याखाली आहे. सरांनी मला आधी विचारलं होतं. म्हणाले, "मॅडम तिकडं, कामगार इकडं. कुणाचं तरी नाव वर लागतं. आणि सगळे म्हणतातच की कल्पना तुमची." मी म्हटलं, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

मी खोटं बोललो नाही. मी फक्त नाही म्हणालो नाही. हे वाक्य आता परत वाचलं, आणि ते किती घाणेरडं आहे ते मला दिसतंय. तरी खोडत नाही.

तू लिहितेस, "इथं मला कायमची जागा देतायत. इथं माझ्या कामाखाली माझंच नाव असतं." बरोबर आहे. मी ते वाचून सहानुभूतीनं मान हलवायला हवी होती. त्याऐवजी माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बंगळूरला जागा, तीही कायमची, आणि हिला.

पत्रक अजून वाटलेलं नाही. रब्बीच्या नियोजन बैठकीत वाटणार आहेत.

दिग्विजय


६ ऑक्टोबर २०२४

भुवना,

काल बैठक झाली. दाक्षायणी तुला सांगेलच, पण माझ्याकडून आधी पोचावं असं वाटतं. पोचणार नाही, टपाल तिच्या फोनपेक्षा संथच.

सभागृह भरलेलं होतं. जिल्ह्यातले कृषी अधिकारी, आपले सगळे, मागच्या रांगेत रेश्मा. सरांनी तुझा प्रकल्प सांगायला मला उभं केलं. पत्रकं सगळ्यांच्या हातात होती. मी तुझी पहिली आकृती दाखवली, काळ्या रानात खोल जाणारी मुळं, आणि समोरचे लोक माना डोलवायला लागले. मला ते आवडलं, भुवना. फार आवडलं. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, "माझी कल्पना अशी आहे की".

पुढच्या रांगेतून प्रभु हळूच म्हणाला, "मॅडमनी नशीब काढलं, असा नवरा मिळाला." कौतुकानं म्हणाला. आणि मला काय झालं सांगता येत नाही, पण त्या कौतुकाची एकदम शिसारी आली.

मी म्हटलं, "पत्रकात चूक आहे. ही कल्पना माझी नाही. डॉ. भुवनेश्वरींची आहे, सगळी. त्याच स्पर्धेत माझाही प्रस्ताव होता. तो पडला."

सर हसत उठले. "अहो, दोघं एकच की. घरातलं घरात ठेवा."

"घरात नाही ठेवता येत, सर. घरातही मी हेच केलं."

खाली बसलो. मोठं काही केल्यासारखं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही वाटलं नाही. आपली वस्तू काढून दुसऱ्याला दिल्यासारखंच वाटलं, ती माझी नव्हती हे ठाऊक असून. सरांनी तिथल्या तिथं इकडची जबाबदारी दाक्षायणीला दिली, आणि लगेच मला तिचाही हेवा वाटला. खरंच.

पत्रकं परत घेऊन नवी छापायला टाकलीत.

बाहेर चिंचेखाली उभा होतो तर रेश्मा आली. सांत्वन करते की काय, अशी मला धास्ती. ती म्हणाली, "सर, तुमच्या पडलेल्या प्रस्तावात काय हुतं?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तूही नाही. मी सांगितलं. औषध कधी मारायचं, किती मारायचं, सगळं. ती कान देऊन ऐकत राहिली, मधे एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "चांगलं हाय. पण समदं येळेवर पेरलेल्या रानातलंच हाय की, सर."

"व्हय," मी म्हटलं. "न्हाय म्हनता येत न्हाय."

ती चमकून बघत राहिली. "सर, तुमी कुटले?"

दिग्विजय


१५ डिसेंबर २०२४

भुवना,

दोन महिने तुझं पत्र नव्हतं, आणि आता चार पानं आली. मी रुद्राणीच्या देखत वाचली नाहीत.

तू लिहितेस, सभागृहात बोललो त्याबद्दल तू आभार मानणार नाहीस, कारण ते आधीच व्हायला हवं होतं. मान्य. आणि लिहितेस की माझं ऑगस्टचं पत्र मात्र तू जपून ठेवलंयस. "इतकी वर्षं तू माझं कौतुक केलंस, दिग्विजय, लहान मुलाच्या चित्राचं करतात तसं. तुझा हेवा मला त्यापेक्षा बरा वाटला. त्यात तू मला तुझ्या उंचीची धरलीस." तू शेवटपर्यंत बोललीस आणि मला मधे घालायला काही सापडलं नाही.

रानाची बातमी सांगतो. रेश्मानं उशिरा पेरलेल्या तुकड्यात तुझे सगळे वाण घेतलेत. दाक्षायणीनं मला माशी मोजायला बोलावलं, पाहुणा म्हणून. रोपांच्या पोंग्यांत, मधल्या कोवळ्या पानांत, बघत वाकून वाकून फिरलो. बरेच वाण गेलेत. पण तुझ्या खोल मुळांच्या वाणांतले काही उभे आहेत, हिरवेगार, पान चकचकीत. शेजारी मी शिफारस केलेला वाण आहे. त्याबद्दल लिहीत नाही.

मुलाखतींचे नियम आम्ही बदलले. उमेदवाराला पुरं बोलू द्यायचं, मगच प्रश्न. हव्या त्या भाषेत बोलायचं, बोलीत सुद्धा. पहिली चाळणी नावं झाकून. दाक्षायणी म्हणाली, अध्यक्षांना हे सगळ्यात जड जाणार आहे. मी म्हटलं, म्हणूनच लेखी करा.

दिग्विजय


९ मार्च २०२५

भुवना,

इथल्या विभागप्रमुखाच्या जागेचा आदेश तुला मिळाला आणि तू तो घेतलास, हे तुझ्या पत्राआधीच कळलं होतं. आता मला सांगायला हवं ते सांगतो.

आदेश निघायच्या आधी मडिवाळप्पा सरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. म्हणाले, "नाव वरपर्यंत गेलंय. पण तुम्ही त्याच विभागात. बायकोच्या हाताखाली काम करायचं म्हणजे तुम्हाला अवघड. तुम्ही नुसतं म्हणा, मी दुसरं नाव सुचवतो. मॅडमना बंगळूरला जागा आहेच."

एक शब्द पुरला असता. तुला कधी कळलंही नसतं. तो शब्द माझ्या जिभेवर होता, हे मी लपवत नाही.

मी म्हटलं, "अवघड होईल, सर. पण ते माझं अवघड आहे. त्यासाठी तिची जागा का अडवायची?"

"विचार करा."

"केला. मी बाई असतो आणि ती पुरुष, तर तुम्ही हे मला विचारलं असतं?"

सर रागावले नाहीत. म्हणाले, "नसतं विचारलं." आणि दार उघडलं.

आता तुझा प्रश्न. तू विचारतेस, "एप्रिलमध्ये रुजू होते. कुंभारीला आईकडे राहायचं की घरी, ते तुझ्या उत्तरावर. मी साहेब म्हणून तुला चालणार आहे का? छान छान लिहू नकोस."

चालणार नाही. तू माझ्या रजेच्या अर्जावर सही करशील तेव्हा माझं तोंड उतरेल. बैठकीत तू माझा मुद्दा खोडशील, आणि बरोबर खोडशील, तेव्हा मी दिवसभर घुमा राहीन. लोक तुला नमस्कार करतील आणि मला "मॅडम आहेत का?" विचारतील. मी जळेन. मी सुधारलोय असं तुला लिहून दिलं तर पहिल्या आठवड्यात खोटं ठरेल. एवढंच सांगतो की ते जळणं तुझ्या वाटेत आणून ठेवणार नाही. ठेवलं तर तोंडावर सांग, मी ऐकून घेईन.

घरी ये. मला जड जाईल. तरी ये.

रुद्राणीचे थोडेच पेपर उरलेत. काल अभ्यास सोडून दारात येऊन उभी राहिली. मी खोली आवरत होतो.

"बाबा, आई तुमची साहेब होणार. तुम्ही खूश आहात?"

"नाही."

"मग तिचं कपाट का रिकामं करताय?"

"त्यात माझी पुस्तकं भरली होती," मी म्हटलं. "ती काढतोय. तुझ्या आईला जागा लागेल."

तिनं एक गठ्ठा उचलला. "कुठं ठेवू?"

दिग्विजय